बघितल्याने डोळे येत नाहीत

१

तोंडवलीची रापण कुणीतरी सोमवारी भर दुपारी कोयत्याने कापली. एखाददुसरा धागा नव्हे, चांगले सात तुकडे, आणि तेही हंगाम सुरू व्हायला दोन आठवडे उरले असताना. रापण म्हणजे एकट्यादुकट्याचं जाळं नव्हे. किनाऱ्यावरच्या चाळीस घरांनी आपापला तुकडा विणायचा, ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून पक्का करायचा, मग सगळे तुकडे जोडून ते लांबच लांब जाळं सगळ्यांनी मिळून समुद्रातून ओढायचं. ते कापणारा एका दमात चाळीस चुली विझवतो.

ही १९६१ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. मी, डॉक्टर सुभद्रा केळुसकर, तेव्हा मालवण तालुक्यात डोळ्यांचं काम बघत असे. तोंडवलीत डोळ्यांची साथ आली म्हणून बुधवारी सकाळी तरीतून खाडी ओलांडून गेले आणि शाळेच्या पडवीत टेबल मांडलं. चोर पकडायला मी गेले नव्हते. पण समोर कुणी चुकीचं निदान करायला लागलं की मला गप्प बसवत नाही, मग तो डॉक्टर असो नाहीतर पोलीस.

पोलीस आलाच. हवालदार गंगाराम शिरसाट, मिशा पिळलेल्या, हातात दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला चाळिशीचा एक उंच मच्छीमार, दोन्ही हात बांधलेले.

"बाई, हा हरिश्चंद्र. रापण यानेच कापली. तुम्ही फक्त कागदावर लिहून द्या, की याचा डोळा चुन्याने भाजलाय."

"चुना कुठून आला मध्येच?"

"रापण कापली तेव्हा जाळ्याच्या खोपीशेजारची तुळसाकाकी तिथे कुडाला चुना लावत होती. तिने कुंचा भरून चुना कापणाऱ्याच्या तोंडावर मारला. डोळ्यातच गेला, किंचाळत पळाला. आता याचा डोळा बघा."

मी बघितला. डाव्या डोळ्याचा पांढरा भाग नुसता लाल नव्हता, रक्त ओतल्यासारखा लालभडक होता. पडवीतल्या बायका "अगो बाय" म्हणून मागे सरल्या.

"यंदा तांडेल कोण व्हायचं यावरून याचं वाजलं होतं," हवालदार म्हणाला. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या. "म्हाताऱ्या भिकाजी तांडेलाने मान याला न देता गुरुदासला दिला. तो राग याने जाळ्यावर काढला. आज चार वाजता रापणवाल्यांची बैठक आहे. ते याचं घर रापणीतून काढतील, आणि मी याला मालवणला नेईन."

हरिश्चंद्राने मान वर केली. "डॉक्टरबाय, घर काढला तर माजी पोरां खातली काय? मी कापूक नाय. माज्या हातान विणलेला जाळा मी कापीन?"

मी त्याची खालची पापणी ओढली, बॅटरी मारली, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मग पेन उघडलं.

"लिहून देते हवालदार. पण तुम्हाला आवडणार नाही."

२

"याला आम्ही सबकंजंक्टायव्हल हेमरेज म्हणतो. डोळ्यावरच्या पातळ पडद्याखाली बारकी शीर फुटून रक्त साकळलंय. दिसायला भयंकर, बाकी काही नाही. दुखतं का रे?"

"नाय."

"पाणी येतं? उजेड सोसत नाही?"

"नाय. सोमवारी सांजवेळी आम्ही होडी वर ओढली. दम कोंडून जोर लावलंय. घराकडे गेलंय तर बायल किंचाळली, डोळो असो कसो झालो म्हणान."

"बरोबर. जोराचा खोकला, उलटी, ओझं, यातलं काहीही पुरतं. पंधरा दिवसांत औषधाशिवाय जाईल. चुना असता तर हा माणूस डोळा उघडून माझ्याशी बोलू शकला नसता."

हवालदाराच्या मिशा खाली आल्या. पण पोलीस असा सहजी हार मानत नाही. त्याने खिशातून कागद काढला. "मग दुसरा आहे. इक्बाल. होड्यांचे नांगर दुरुस्त करतो. याचाही एकच डोळा लाल आहे."

इक्बालला आणलं. तिशीचा, काटकुळा, उजवा डोळा मिटून घेतलेला, गालावरून पाण्याची धार. याला मात्र दुखत होतं, आणि पडवीतला उजेडही त्याला सोसत नव्हता. मी बधिर करणारे थेंब घातले, मग फ्लुरोसीनचा एक पिवळा थेंब. बुबुळावर जिथे जखम असते तिथे तो हिरवा होऊन बसतो. हिरवा टिपका उमटला, आणि त्याच्या मधोमध खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढं काहीतरी काळपट.

"सोमवारी दुपारी काय करत होतास?"

"जेवून येवन नांगराचो गंज खरवडत होतंय, डॉक्टरबाय. डोळ्यात कायतरी गेला. चोळलंय, तर आणखीनच वाईट."

सुईच्या टोकाने तो कण उचलून मी पांढऱ्या कापसावर ठेवला. लोखंडाचा गंज, तांबूस तपकिरी. चुना गंजत नसतो. इक्बालने डोळ्याची उघडझाप केली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तो हसला.

"संपली यादी?" मी हवालदाराला विचारलं.

"संपली."

"गावात एवढे लाल डोळे, आणि तुमच्या यादीत दोनच?"

"बाकीच्यांना साथ आहे बाई."

हे तो बोलला तेव्हा छपराच्या वाशांकडे बघत होता. समोरच्या बाकावर डोळे आलेली आठ-दहा माणसं बसली होती आणि सकाळपासून त्यांच्याशी बोलताना तो एकदाही खाली बघत नव्हता. मला हसू आलं. ते हसू किती महागाचं होतं हे मला अजून कळायचं होतं.

३

बाराच्या सुमारास मी तुळसाकाकीला गाठलं. सत्तरीची बाई, रापणीच्या खोपीशेजारी एकटी राहणारी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. कापणारा तिला ओळखता का आला नाही याचं उत्तर तिथेच मिळालं.

"माका काय दिसता? माणसाची सावळी दिसली," ती म्हणाली. "तोंडाक पंचो गुंडाळलेलो. मी म्हटलंय, कोण रे तो? तर माज्या अंगार धावलो. हातात कुंचो होतो, दिलंय ठेवन!"

"चुना ताजा होता?"

"त्याच सकाळी विझवलेलो. शिंपल्यांचो. अजून गरम होतो बाय."

"आणि मग पाण्याकडे पळाला की झाडीकडे?"

काकी थबकली. हे तिला हवालदाराने विचारलं नसावं. "केवड्याच्या बनात. पाण्याचो आवाज येवकच नाय."

तोंडवली म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. चुना डोळ्यात गेल्यावर त्या माणसाने वीस पावलं धावून समुद्रात तोंड बुडवलं असतं तर डोळा वाचला असता. पण किनारा उघडा, आणि विहिरीवर बायका. आपल्याला कुणी बघू नये म्हणून तो काट्यांत लपून बसला, आणि ओला चुना तेवढा वेळ डोळ्यात शिजत राहिला. आता दोन दिवस झाले होते. मी नुसता गुन्हेगार शोधत नव्हते, एक पेशंट शोधत होते, आणि तो दर तासाला आंधळा होत चालला होता.

खोपीत म्हातारा भिकाजी कापलेल्या जाळ्यापाशी बसला होता.

"त्या दिवशी देवळात जेवण होता," तो म्हणाला. "तीन पंगती उठल्यो. जो दिसाक नाय, तो पयल्या पंगतीवाल्यांका वाटला दुसऱ्या पंगतीत, दुसऱ्यावाल्यांका वाटला तिसऱ्या. कोण खंय होतो, देवाक ठावक."

"तुकडे कुणाकुणाचे गेले?"

"सात घरांचे. पण सगळ्यात हाल गुरुदासाच्या तुकड्याचे. बिचारो. पयल्याच वर्सा तांडेल झालो आणि त्येचाच जाळा असा केल्यान."

त्याने दाखवलं. सहा तुकडे स्वच्छ कापलेले होते, धाग्यांची टोकं सरळ, सालीच्या रंगाने तांबडी. सातवा तुकडा जागोजाग चिंध्या झालेला. मी एक धागा बोटात धरून ओढला, आणि तो भिजलेल्या कागदासारखा हातात आला. रंग तांबडा नव्हताच, राखाडी होता.

"तांडेल भेटेल का?"

"तो घरात पडान आसा. सोमवारी सांजवेळीच त्येचे डोळे इले. साथच तशी आसा."

४

पडवीत परतले तेव्हा दोन वाजून गेले होते. मी माझी पेशंटांची वही काढली. हवालदार समोर बसून पान लावत होता.

"शिरसाट, खरं सांगा. डोळे आलेल्या एकाच्या तरी डोळ्यांत तुम्ही बघितलंत?"

"नाही बाई."

"का?"

"अहो, बघितलं की लागतं. घरात लहान पोरं आहेत माझ्या."

मी वही आपटली. रागच आला मला, आणि तो सगळा त्याच्यावर नव्हता. गेली दोन वर्षं मी गावोगाव ओरडत होते, आणि एका शिकल्यासवरल्या हवालदाराला सुद्धा ते पटवू शकले नव्हते.

"बघितल्याने डोळे येत नाहीत! कंजंक्टिव्हायटिस नजरेतून उडी मारत नाही. तो हाताने जातो, पंच्याने जातो, उशीने जातो, एका बोटाने सगळ्या पोरांना काजळ घातलं की जातो. सकाळपासून मी सत्तर जणांच्या डोळ्यांत बघितलंय. आले माझे डोळे?"

तो ओशाळून हसला. पण माझं हसू कधीच गेलं होतं, कारण बोलता बोलता मला सगळं दिसलं होतं. या गावात लपायला सगळ्यात सुरक्षित जागा कुठली? केवड्याचं बन नव्हे. डोळे आले म्हणायचं आणि घरात बसायचं. आई बघणार नाही, शेजारी बघणार नाही, पोलीस तर छपराकडे बघून चौकशी करणार.

"आता या वहीत बघा. घराघराने नावं लिहिली आहेत. भिकाजीच्या घरी सहा माणसं, सहाही आजारी. पलीकडे पाच, पाचही आजारी. ज्या घरात साथ शिरली तिथे कुणीही सुटलेलं नाही, एकच चूल आणि एकच पंचा. एक घर सोडून."

हवालदाराने नाव वाचलं आणि पान हातातच राहिलं. "सात माणसं... आजारी एक?"

"दोन दिवस झाले. गुरुदासची बायको सुशीला पोरांना घेऊन सकाळी इथे आली होती. सहाही जणांचे डोळे लख्ख. तेव्हा मला वाटलं, काय नशीबवान घर!"

"पण बाई, तो तांडेल आहे! स्वतःची रापण कोण कापेल?"

"चला, विचारू."

५

सुशीला दारातच आडवी आली. "आत जाव नको बाय, लागतले."

"तो निजतो कुठे?"

"पोरांच्या बाजूकच."

"सकाळी पापण्या चिकटतात? उशीला पू लागतो?"

ती विचारात पडली. "नाय... उशी सुकीच आसा. नुसतो कण्हता."

आत खिडक्या बंद होत्या. गुरुदास भिंतीला टेकून बसला होता, धिप्पाड, दोन्ही डोळ्यांवर काळं फडकं. हवालदाराने खिडकी उघडली, मी फडकं सोडलं. उजवा डोळा चांगला, स्वच्छ, भेदरलेला. डावी पापणी सुजलेली. ती मी हलकेच उचलली.

डावा डोळा लाल नव्हता. तो पांढरा होता. बुबुळावर साय धरली होती, आणि भोवतालचा पांढरा भाग लाल व्हायच्या ऐवजी जास्तच पांढरा, रक्त आटलेला. चुन्यासारखा क्षार जोरात भाजतो तेव्हा बारक्या रक्तवाहिन्याच मरतात, मग लाल व्हायला रक्तच उरत नाही. सगळा गाव दोन दिवस लाल डोळा शोधत होता.

काडीवर पापणी उलटली. आतल्या घडीत चुन्याचे तीन पांढरे खडे बसले होते. हवालदाराने या वेळी वाकून, अगदी जवळून बघितलं.

"सुशीला, उकळून निवलेलं पाणी आण. जेवढं असेल तेवढं."

खडे काढून मी धार धरली. एक तांब्या, दोन, दहा. अर्धा तास धार चालू राहिली. मग गुरुदासच बोलायला लागला, पाण्याच्या धारेखाली, तोंड वर करून.

"माजो तुकडो कुसलेलो, डॉक्टरबाय. गेल्या वर्सा सालीत बुडवूकच नाय. आळस केलंय. तांडेल झालंय म्हणान लोकांनी हार घातले, आणि मंगळवारी जाळा पसरून सगळ्यांचे तुकडे तपासूचे होते. तपासणारो कोण? मीच. माजोच तुकडो हातात फाटलो असतो."

"म्हणून दुसऱ्या सहा घरांचे कापलेस."

"एकच कापलंय असता तर लोकांका कळला असता. सगळ्यांका वाटाक व्हया, कोणीतरी रागान कापल्यान."

"आणि राग कुणाला होता हे सगळ्यांना माहीत होतं."

त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं, आणि ते माझ्या तांब्यातलं नव्हतं. सुशीला भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला तिची दया आली आणि त्याचा संताप आला, आणि माझे हात मात्र धार मोडू न देता पाणी ओतत होते. तेवढंच मला येतं.

"डोळो ऱ्हवात?" त्याने विचारलं.

"पुरा नाही राहायचा. सोमवारी समुद्रात तोंड धुतलं असतंस तर राहिला असता. उद्या पहाटेच्या गाडीने मिरजेच्या इस्पितळात जा, थोडी नजर वाचेल." मी ॲट्रोपिनचं मलम घातलं, पट्टी बांधली. चार वाजायला पाच मिनिटं होती. "त्याआधी तुला एका ठिकाणी जायचंय. मी नेणार नाही. तूच चल."

६

माडांखाली चाळीस घरांची माणसं बसली होती. मध्ये हरिश्चंद्र, हात बांधलेले. गुरुदास पट्टीवर हात धरून आला आणि उभ्याउभ्या सगळं बोलून मोकळा झाला. एकही शब्द त्याने लपवला नाही. त्याच्या भित्रेपणाबद्दल मला जे वाटत होतं त्यातलं निम्मं मी तिथल्या तिथे मागे घेतलं.

हवालदार पुढे झाला आणि स्वतःच्या हाताने हरिश्चंद्राची दोरी सोडली. "चुकलंय मी," तो मालवणीत म्हणाला. सरकारी मराठीत तेवढं त्याच्या तोंडून निघालं नसतं.

भिकाजी उठला. "गुरुदासाचा घर रापणीतून बाद. आजपास्ना त्येका वाटो नाय."

होकाराच्या माना हलल्या. सुशीला पदर तोंडात धरून मागे उभी होती.

"थांबा," हरिश्चंद्र म्हणाला. मनगटं चोळत तो मधोमध आला. "दोन दिवस तुमी सगळे माका चोर म्हणालास. माज्या बायलेक विहिरीर पाणी भरूक दिलास नाय. आता माजा एक ऐकूचाच लागतला. जाळा कापल्यान त्येना, सुशीलेन नाय, पोरांनी नाय. त्यांचो तुकडो मी विणतंय. त्यांचो वाटो ऱ्हवतलो."

"आणि तांडेल?" कुणीतरी विचारलं.

"तांडेल मी," हरिश्चंद्र म्हणाला. "ह्या मी तुमका विचारणत नाय, सांगतंय."

भिकाजीने डोक्याचं मुंडासं काढून त्याच्या हातात दिलं.

दोन आठवड्यांनी मी साथ ओसरली का बघायला परत गेले. साथ ओसरली होती. पोलिसात गुरुदासने सगळं लिहून दिलं होतं, आणि मिरजेहून तो आदल्याच दिवशी परतला होता. डाव्या डोळ्याने त्याला हाताची बोटं मोजता येत होती, त्यापलीकडे धुकं. त्याहून जास्त मिळणार नव्हतं, आणि तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

किनाऱ्यावर हंगामातली पहिली रापण लागली होती. दोन्ही बाजूंना दोरांवर माणसं ओढत होती, बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. गुरुदास लांब, होडीच्या सावलीत उभा होता. येताजाता कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं आणि तोही पुढे येत नव्हता. जाळं जड झालं, डावी बाजू मागे पडायला लागली. हरिश्चंद्राने कपाळावर हात धरून पाण्याकडे पाहिलं, मग वळून होडीकडे पाहिलं.

"गुरुदास!" तो ओरडला. "बघतंस काय? दोर धर!"

गुरुदास धावत सुटला.